विश्लेषण : ‘५-जी’च्या लहरी १८९५ मध्येच कोलकात्यात? जगदीशचंद्र बोस यांनी नेमके काय केले होते?

नंदुरबार शहरात फोनच्या कोपऱ्यात ‘५-जी’ दिसते. तोच फोन घेऊन तोरणमाळच्या घाटात शिरले की रेंजच्या दांड्या एकेक करून गळतात, आणि धडगाव तालुक्यातील आतल्या पाड्यांवर तर टेकडीचा ठरावीक कोपरा गाठल्याशिवाय बोलणे होत नाही. टॉवर कमी, हे त्याचे ढोबळ कारण. दुसरे कारण लहरींच्या लांबीत आहे. ५-जीच्या सर्वात वेगवान पट्ट्यातील लहरी जेमतेम सेंटीमीटरभर लांब असतात. अशा आखूड लहरी निर्माण करून त्या मोजण्याचे काम सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यातील एका प्राध्यापकाने केले होते. समाजमाध्यमांवर हे प्राध्यापक कधी ‘रेडिओचे खरे जनक’ तर कधी ‘मोबाइलचे संशोधक’ म्हणून फिरतात. यातले खरे किती?

टाउन हॉलमध्ये काय घडले?

साल १८९५. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर आणि निमंत्रित मंडळी जमली होती. प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी एका ठिकाणी ठिणगी पाडली. तिच्यातून निघालेल्या अदृश्य लहरी भिंती ओलांडून, आणि त्या वेळच्या वर्णनांनुसार वाटेत बसलेल्या गव्हर्नरसाहेबांच्या देहातूनही पार होऊन, दूरच्या खोलीत पोहोचल्या. तिथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूने पेट घेतला. दोन्हींच्या मध्ये तार नव्हती.

अशा लहरी असतात हे मॅक्सवेल यांनी गणिताने मांडले होते आणि जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. त्यामुळे लहरींचा शोध बोस यांनी लावला असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज, रशियात पोपोव आणि इटलीत एकवीस वर्षांचा मार्कोनी हेही याच वाटेवर होते. बोस यांचे वेगळेपण लहरीच्या लांबीत होते. हर्ट्झ यांच्या लहरी काही मीटर ते अर्धा-पाऊण मीटर लांबीच्या होत्या. बोस यांनी ती लांबी अडीच सेंटीमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली. आजच्या भाषेत ही वारंवारता १२ ते ६० गिगाहर्ट्झ भरते.

योगायोग असा की भारतातला पहिला मोबाइल कॉलही याच शहरातून, बरोबर शंभर वर्षांनी झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तेव्हा फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. येणारे कॉल २००३ मध्ये फुकट झाले, तोवर ‘मिस्ड कॉल’ हीच अनेकांची बोलीभाषा होती.

तीन वर्षे बिनपगारी का राबले?

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आताच्या बांगलादेशातील मयमनसिंह येथला. वडील भगवानचंद्र ब्राह्मो समाजाचे, सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. असे अधिकारी मुलांना इंग्रजी शाळेत घालत. भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले, आणि तिथे त्याच्या शेजारी एका बाजूला वडिलांच्या मुस्लीम चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्यामुळे भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये ते वैद्यकी शिकायला लंडनला गेले, पण तापाने बेजार झाल्यावर केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात विज्ञानाकडे वळले. लॉर्ड रॅली हे तिथले त्यांचे शिक्षक.

१८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे तेच वर्ग, तेच तास आणि पगार एक-तृतीयांश. बोस यांनी वाद घातला नाही की राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर शिकवायला जात आणि पगाराला हात लावत नसत. वडिलांच्या फसलेल्या उद्योगांचे कर्ज डोक्यावर आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालेले, अशा दिवसांत हे तीन वर्षे चालले. शेवटी सरकार नमले आणि मागील थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला. त्यातून कर्ज फिटत गेले. आजच्या भाषेत याला ‘समान काम, समान वेतन’ म्हणतात. या लढ्यासाठी बोस यांचे नाव फारसे घेतले जात नाही, हे नवल आहे.

संशोधनासाठी कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. शौचालयालगतची जेमतेम २४ चौरस फुटांची खोली मिळाली. उपकरणे स्थानिक कारागिराकडून, बहुधा स्वतःच्या खिशातून करवून घ्यायची आणि काम वर्ग संपल्यावर करायचे. छत्तिसाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचे ठरवले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा पहिला निबंध एशियाटिक सोसायटीपुढे आला होता.

लहरी इतक्या आखूड का केल्या?

या प्रश्नाचे उत्तर त्या लहान खोलीत आहे. प्रकाश आणि हर्ट्झच्या लहरी ही एकाच जातीची भावंडे, हे बोस यांना दाखवायचे होते. त्यासाठी प्रकाश जसा आरशावरून परततो, भिंगातून वळतो, लोलकातून वाकतो, तसे या लहरींचे करून दाखवायला हवे. पण लहर मीटरभर लांब असेल तर आरसा, भिंग, लोलक तिच्या कितीतरी पट मोठे लागतात. लहर पाच मिलिमीटरची केली की सगळा प्रयोग टेबलावर मावतो.

टेबलावर त्यांनी काय काय मांडले याची यादी आजच्या दूरसंचार अभियंत्याला ओळखीची वाटेल. लहर वाहून नेणारी पोकळ धातूची नळी, पुढे पसरत जाणारे भोंग्यासारखे तोंड, लहरी एकवटणारे भिंग, लोलक. उपग्रहांच्या डिशसमोर आणि रडारमध्ये आज असेच भोंगे असतात. काही साधने तर घरगुती होती. लहरींच्या कंपनाची दिशा एकाच पातळीत आणायला त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि पानापानांत कथलाचा पातळ पत्रा सरकवला. एका दिशेने धरले की लहर आरपार, पुस्तक काटकोनात फिरवले की बंद. पुढे हीच दिशा वळवून दाखवायला बंगालच्या तागाचे पीळ दिलेले जुडगे वापरले.

टॉवरवरच्या उभ्या पांढऱ्या पेट्यांत याच गुणधर्माचा रोज उपयोग होतो. त्यांतले अँटेना एकमेकांशी काटकोनात, तिरके बसवलेले असतात. कंपनाच्या दोन दिशा म्हणजे एकाच पट्ट्यात दोन वाटा. ग्राहकाने फोन आडवा धरला काय, उभा धरला काय, एक तरी वाट त्याला जुळते.

कशातून लहर जाते आणि कशात अडते हेही त्यांनी तपासले. डांबर प्रकाशाला अडवते, पण या लहरींना नाही. वीटही पार होते. पाणी मात्र प्रकाशाला पारदर्शक असूनही या लहरींना जवळपास भिंतीसारखे. सातपुड्याच्या झाडीत हा मुद्दा पुढे कामी येतो.

फोनच्या आत बोस कुठे सापडतात?

बोस यांनी बोलणे पाठवले नाही, टेलिफोनही बनवला नाही. त्यांचा यंत्रसंच घंटा वाजवी, बस्स. त्यामुळे मोबाइलचे संशोधक ही पदवी त्यांना देणे चूक आहे. तरीही फोनमधल्या दोन गोष्टींच्या मुळाशी ते आहेत. एक म्हणजे आखूड लहरी. फोनमधला अँटेना साधारण लहरीच्या पाव ते अर्ध्या लांबीचा लागतो. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटीमीटरची, ब्लूटूथ आणि वायफायची सुमारे साडेबारा, ५-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची साडेआठ. लहर आखूड होत गेली म्हणून जुन्या हँडसेटच्या डोक्यावरची काडी पोटात गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे लहर ‘ऐकणारा’ भाग. सुरुवातीचे शोधक यासाठी धातूच्या भुकटीची नळी वापरत. लहर आली की भुकटी चिकटे आणि दर वेळी टिचकी मारून ती मोकळी करावी लागे. बोस यांनी आधी बारीक पोलादी स्प्रिंगा एकमेकींना टेकवून पाहिल्या आणि नंतर ते गॅलेना या शिशाच्या खनिजाकडे वळले. त्याच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवले की लहर आल्याचे कळे. हा अर्धसंवाहक होता, जरी तो शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. १९२०-३० च्या दशकांत घरोघरचे विनाबॅटरीचे ‘क्रिस्टल रेडिओ’ याच जातीचे होते. नोबेलविजेते नेव्हिल मॉट यांनी पुढे मान्य केले, की पी आणि एन प्रकारच्या अर्धसंवाहकांची चाहूल बोस यांना काळाच्या खूप आधी लागली होती. फोनमधली चिप अर्धसंवाहकाचीच असते. मात्र चिपपर्यंतच्या वाटेवर इतर असंख्य माणसे आहेत.

मार्कोनीने शोध चोरला का?

व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रश्न होकारार्थीच फिरतो. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सोपी नाही. जानेवारी १८९७ मध्ये बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले. त्या वेळी मार्कोनीही लंडनमध्ये होते आणि ब्रिटिश टपालखात्यासाठी चाचण्या करत होते. त्यांनी १८९६ मध्येच पेटंटचा अर्ज दिला होता. मार्कोनींना धंद्याचा संदेश दूरवर पोहोचवायचा होता, बोस यांना लहरीचा स्वभाव समजून घ्यायचा होता. दूरवर जायला लांब लहरी सोयीच्या, म्हणून मार्कोनी लांबीकडे गेले. बोस आखूडपणाकडे. दोघांचे ध्येयच वेगळे होते.

वाद आहे तो १२ डिसेंबर १९०१ च्या प्रयोगाचा. त्या दिवशी इंग्लंडच्या पोल्धूहून निघालेला संदेश अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला ऐकू आल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. तिथे त्यांनी वापरलेला पारा-लोखंडाचा ग्राहक इटालियन नौदलातील मित्राकडून आलेला होता. तशाच रचनेचे वर्णन बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते, याकडे अभियंता प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये सविस्तर लक्ष वेधले. तेव्हा बोस यांच्या श्रेयाचा हिस्सा बुडाला असे म्हणणे रास्त. मार्कोनींचे सगळे काम उसने होते म्हणणे रास्त नाही. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना विभागून मिळाले.

बोस यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली, आणि ती त्यांच्याच स्वभावातून. १९०१ मध्ये लंडनमध्ये एका तारयंत्र कंपनीचा मालक पेटंटचा कागद घेऊन व्याख्यानाआधी त्यांच्याकडे आला होता, हे त्यांनी मित्र रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवले. पैशाच्या त्या हव्यासाची त्यांना शिसारी आली होती, एकदा त्या चक्रात पाय अडकला की सुटका नाही अशी धास्तीही होती. अखेर सारा बुल या अमेरिकी स्नेही बाईंनी आग्रहाने सप्टेंबर १९०१ मध्ये गॅलेना ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज केला. २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक ७५५८४०. अर्धसंवाहक उपकरणाचे हे जगातले पहिले पेटंट मानले जाते. बोस यांनी त्यातून पैसा करण्याचा प्रयत्न केला नाही. हा त्याग म्हणून गौरवला जातो. पण पेटंटकडे पाठ फिरवल्याने त्यांचे उपकरण कोणा उद्योगाच्या हाती गेले नाही आणि भारतात त्यावर कारखाना उभा राहिला नाही, ही दुसरी बाजूही नोंदवायला हवी.

मग मधली शंभर वर्षे काय झाले?

मिलिमीटर लहरी अडगळीत गेल्या. त्या निर्माण करायला ठिणगीशिवाय साधन नव्हते आणि ठिणगीवर आवाज स्वार होत नाही. मार्कोनी कंपनीही १९२० च्या दशकात तुलनेने आखूड, काही दशक मीटरच्या लहरींकडे आली. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा तिची केंद्रे महाराष्ट्रात, खडकी आणि दौंड येथे होती. दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे सेंटीमीटर लहरींना किंमत आली. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याच वर्षी, तिथेच, षट्कोनी ‘सेल’ची कल्पना कागदावर उतरली : मोठ्या भागासाठी एकच उंच मनोरा उभारण्याऐवजी छोटे-छोटे तुकडे करायचे आणि तीच वारंवारता दूरच्या तुकड्यात पुन्हा वापरायची. ‘सेल फोन’ हे नाव तिथून. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनने पहिला कॉल केला, तो फोन किलोभराहून जड होता.

बोस स्वतः तोवर हयात नव्हते, आणि १९०० नंतर लहरींकडे फारसे वळलेही नव्हते. ग्राहक सतत वापरला की ‘थकतो’ आणि विश्रांतीने पुन्हा तरतरीत होतो, हे पाहून त्यांचे मन निर्जीव-सजीवाच्या सीमेवर गेले. तिथून वनस्पतींकडे. झाडाची वाढ लक्षावधी पटींनी मोठी करून दाखवणारा ‘क्रेस्कोग्राफ’ याच काळातला. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला, काही निष्कर्षांवर आजही मतभेद आहेत. १९१७ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, पुन्हा ३० नोव्हेंबरलाच, त्यांनी कोलकात्यात बोस संस्था उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचे विद्यार्थी. यांतले सत्येंद्रनाथ ते ‘बोसॉन’वाले, नावसाधर्म्यामुळे दोघांची वारंवार गल्लत होते. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने प्रेसिडेन्सीतील मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ‘मैलाचा दगड’ म्हणून मान्यता दिली.

सातपुड्यात कोणती लहर चालेल?

भारतात ५-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिच्यासाठी लिलाव झालेल्या पट्ट्यांत २६ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरची लहर. अगदी बोस यांच्या टेबलावरची. वेग प्रचंड, पण पोहोच काहीशे मीटर. पानात पाणी असते, आणि पाणी या लहरी शोषते, त्यामुळे झाडी आली की संपले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये हा पट्टा नसतोही. गर्दीचे स्टेडियम, दाट वस्ती, घराच्या छतावर बसवायची बिनतारी ब्रॉडबँडची पेटी हे त्याचे खरे ठिकाण.

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत गणित उलटे आहे. इथे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले, घरे एकमेकांपासून लांब आणि मध्ये नद्या-दऱ्या. नर्मदेकाठचे मणिबेली हे मतदार यादीत राज्यातले पहिले केंद्र, पण मतदान पथकाला तिथे बोटीने जावे लागते. अशा मुलखात ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारखी फूट-दीड फुटाची लहर उपयोगी. ती डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते, झाडीतून बरीचशी निभावते आणि एका टॉवरवरून काही किलोमीटर जाते. तरी उंच कड्यामागची सावली तिलाही पूर्ण भेदता येत नाही. तिथे टॉवरची जागा, वीज आणि टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारा दुवा हेच प्रश्न उरतात.

हा प्रश्न फक्त गप्पांचा नाही. देशातला पहिला ‘आधार’ क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत दिला गेला. त्यानंतर रेशन, शिष्यवृत्ती, बँक खाते, मजुरी अशी एकेक गोष्ट अंगठा आणि ओटीपीशी जोडली गेली. रेंज नसेल तर रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र अडते, ओटीपी वेळेत येत नाही आणि १०८ ला फोन लावायलाही टेकडी चढावी लागते. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांसाठी ४-जी योजना मंजूर केली. दुसरीचा खर्च २६,३१६ कोटी रुपये आणि काम बीएसएनएलकडे. नंदुरबार हा आकांक्षित जिल्ह्यांपैकीच एक आहे. डोंगरातल्या पाड्यांसाठी त्यामुळे पाहण्यासारखी गोष्ट ५-जीची नाही. ७०० मेगाहर्ट्झचा टॉवर कोणत्या धारेवर उभा राहतो आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर त्याची बॅटरी किती तास टिकते, ही आहे.